अर्धं ऐकलेलं पोट

"माणसाच्या पोटात काय असतंय, ते मळवलीत आता फकस्त मला ठावं हाय," कोंडाजीनं आगगाडीतून उतरल्या उतरल्या गावातल्या वडीलधाऱ्या महिपती आबांना सांगितलं.

आबांनी नुसती मान हलवली. कोंडाजीच्या पोटात कधी काही राहत नाही, एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. नवरात्रातली सातवी माळ. कोंडाजी देवीचा नारळ आणायला लोणावळ्याला गेला, तर शाळेच्या ओसरीवर ही गर्दी. माधवराव डॉक्टर लोकांना पोटाविषयी सांगत होते. त्यांनी एक काचेची नळी वर धरली. सकाळी तिच्यात उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकून वर बकऱ्याच्या पोटातला रस ओतला होता. आता तुकडा गायब, नुसतं गढूळ पाणी.

"असलंच तेजाब तुमच्या-आमच्या पोटात असतं," डॉक्टर म्हणाले.

सोनाराच्या दुकानात तेजाब धातू कसं खातं, ते बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. कोंडाजी उठून उभा राहिला.

"दागदरसायेब, आमी बकऱ्याची वजडी खातो. ती बी पोटच की. ती आमच्या पोटात जाऊन इरघळती. मग आमची सोताची वजडी कशी ऱ्हाती?"

"शाबास. हाच तर खरा प्रश्न," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "त्याचं उत्तर असं, की..."

तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली. ही गेली तर पाच मैल पायपीट. कोंडाजी नारळ काखोटीला मारून पळाला. शाबासकी त्याच्याबरोबर आली, उत्तर ओसरीवरच राहिलं.

गाडीत त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. बाहेर भात निसवून वाऱ्यावर डुलत होतं, पण त्याला काही दिसेना. जात्यात दाणा नसला की दगड दगडाला खातो. मग पोटात अन्न नसलं की तेजाब कुणाला खाणार? पोटालाच. आणि त्याच्या अंगावर काटा आला. कारण घरी बायकोच्या, सरुबाईच्या जात्यात सात दिवस दाणा पडला नव्हता.

त्यांच्या लेकीची, नंदाची कूस दोनदा भरून दोनदा रिती झाली होती. आता तिसऱ्यानं आठवा महिना लागला होता. या खेपेला पाळणा हलू दे, म्हणून सरुबाईनं एकवीरेला नवस बोलला होता: नऊ दिवस अन्नाचा कण नाही, सांजेला वाटीभर दूध, बास. सात माळा तिनं हसत काढल्या होत्या.

"सरू, भगर तरी खा," कोंडाजी घरात पाऊल टाकताच म्हणाला.

"का?"

"तुज्या पोटात तेजाब हाय."

"तुमच्या तोंडात असंल. हात-पाय धुवा."

जेवताना त्यानं अंड्याची गोष्ट सांगितली, दिवा मालवताना पुन्हा सांगितली. राजगिऱ्याचा लाडू उशाशी आणून ठेवला. शेवटी सरुबाईनं कूस बदलली आणि मनातल्या मनात देवीला सांगितलं, उद्या अष्टमी, उद्या सांजवात लागेपर्यंत मौन. नवस राखायचा तर या माणसाशी वाद नको. हे तिनं फक्त देवीला सांगितलं.

अष्टमीला सकाळी कोंडाजीनं विचारलं, "पोट कसं हाय?" सरुबाई गप्प. "दुखतंय का?" गप्प. "अगं, बोल की." सरुबाईनं हात जोडले.

कोंडाजी शेजारी धावला. "अंबूमावशी, सरूच्या पोटात तेजाब हाय, पोट जळाया लागलंय. तू बस तिच्यापाशी, मी म्हशीखालचं दूध घिऊन आलो."

अंबूबाईनं हातातली केरसुणी तिथंच टाकली. "सरू, आगं काय केलंस ह्ये? लेकीचा तरी इचार करायचास. कवा प्यालीस?"

सरुबाईनं जोरजोरात मान हलवली आणि तोंडावर बोट ठेवलं.

"आगं बया, जीभ जळाली हिची," अंबूबाईनं कपाळावर हात मारला आणि अंगणात जाऊन जी हाळी दिली, ती लोहगडावर ऐकू गेली असेल.

घटकाभरात सोप्यात गाव मावेना. कोंडाजी चरवी घेऊन परतला, तो गर्दी बघून दारातच थिजला. "सरूनं तेजाब घेतलं, वाचा गेली," कुणीतरी त्याला सांगितलं. चरवी हातातून सुटली. एका रात्रीत जिभेपर्यंत चढलं? अंड्याला तरी सकाळपासून दुपार लागली होती.

सरुबाईनं समजावायची शिकस्त केली. आधी तोंडाकडं बोट दाखवलं, मग उन्हाकडं, मग घटापुढच्या दिव्याकडं.

"तोंडात उनावानी आग हुतीया म्हनती," अंबूबाईनं अर्थ लावला.

"आन दिवा?" आबांनी विचारलं.

दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला.

आबांनी रिठ्याचं पाणी मागवलं. "वकली का बाहीर पडंल समदं. धरा तिला." चौघींनी धरलं. सरुबाईनं दात असे आवळले, की वाटीची कड वाकली, पण थेंब आत गेला नाही. पाणी सगळं अंबूबाईच्या चोळीवर. सरुबाईचा नवस त्या दातांवर उभा होता.

"दातखीळ बसली," आबा म्हणाले. "गाडी जुपा."

सरुबाई आपल्या पायांनी बैलगाडीत जाऊन बसली, पदर सावरून, ताठ. दवाखान्यात निदान रिठे नसतील. मागून बाया रडत होत्या, आणि मरणाऱ्या बाईनं त्यांना घट झाकून घ्या म्हणून खूण केली.

माधवराव खंडाळ्याला रोगी बघायला गेलेले. दिवस कलताना ते परतले. त्यांनी जीभ पाहिली, घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं.

"यांना काही झालेलं नाही. तेजाब कुणी सांगितलं?"

"तुमीच," कोंडाजी रडवेल्या आवाजात म्हणाला. "नळीतलं अंडं. आठ दिस पोट रिकामं हाय तिचं, सायेब."

डॉक्टरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "वजडीवाले तुम्ही? अहो, उत्तर न ऐकताच पळालात." आणि खुर्ची ओढून ते सांगू लागले. "तुमच्या घरची भिंत पावसानं का विरघळत नाही? बाईमाणूस सारवते म्हणून. पोटाचं तसंच आहे. आतून बुळबुळीत लेप असतो. तेजाब भिंतीशी आलं, की तो लेप त्याचा जोर मोडतो. झिजला, की पोट पुन्हा नवा लेप देतं. रात्रंदिवस सारवण चालू. शिवाय समोर अन्न नसलं, की तेजाबही बेतानंच सुटतं."

"मंग ही बोलत का न्हाई?" आबांनी विचारलं.

तेवढ्यात कंपाउंडरनं कंदील लावून खुंटीला अडकवला. सरुबाईनं दिव्याला हात जोडले. दिवसभर मिटलेलं तोंड उघडलं आणि सगळं गाव पुढं वाकलं.

"मौन हुतं माजं," ती म्हणाली. "आन थेंबबी गिळला न्हाई मी. नवस शाबूत हाय. दागदरसायेब, ह्येंचं डोस्कं तेवढं तपासा. तितं कुनी सारवतंय का बगा."

आबा आधी हसले, मग अंबूबाई, मग दाराशी उभे असलेले सगळे. कोंडाजी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. धावपळीत त्यानं सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. हसू ओसरलं आणि त्या शांततेत त्याच्या पोटातून असा काही लांबलचक आवाज निघाला, की बाहेर बैलांनी कान टवकारले.

कोंडाजी पांढरा पडला. दोन्ही हात पोटावर दाबून त्यानं बायकोकडं पाहिलं.

सरुबाईनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "भिऊ नगा," ती म्हणाली. "आतली बया सारवतीया. घरी चला, भाकरी टाकते."