सहनशक्तीची आणेवारी

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच होता, आणि दोघांचाही पत्रव्यवहार पंचफुला बनसोडे यांच्या टेबलावर होता. रेणापूरच्या पंचफुलाबाई टंचाई शाखेत लिपिक. दर महिन्याला तीन दिवस पोटात असं पिळवटायचं की टँकरचं रजिस्टर त्या वाकूनच लिहायच्या. नांदेडच्या डॉक्टर रईसा काझींनी निदान केलं: एंडोमेट्रिओसिस, तोही बराच पुढे गेलेला. "गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढून आतड्याला चिकटलंय. ऑपरेशन लांबवू नका." बाईंनी दीड महिन्याच्या रजेचा अर्ज दिला.

हेडक्लार्क बसवंतराव बिराजदारांनी तो दोनदा वाचला. "बाई, पोट कोणाचं दुखत न्हाई? आमच्या घरी बी दुखतंय. मंडळासमोर जावं लागंल."

वैद्यकीय मंडळ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसे. त्यात एक हाडांचे डॉक्टर होते, एक पद रिक्त होतं, आणि रिक्त पदाचा कार्यभार गुरांच्या डॉक्टरांकडे होता.

"आज दुखतंय का?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"आज न्हाई साहेब. बावीस तारखेला दुखंल."

मंडळाने नोंद केली: तपासणीवेळी वेदना गैरहजर. पुढील वेळी वेदनेसह उपस्थित राहावे.

बाईंनी तारीख बदलून मागितली. बसवंतरावांनी समजावलं, "मंडळाची तारीख वरून ठरते, बाई. दुखण्याची तारीख तुमच्या पातळीवरची हाय. ती बदलून घ्या."

बावीस तारखेला बाई कचेरीतच कोसळल्या. वेदना प्रत्यक्ष हजर असल्याने तातडीने पंचनामा झाला. पाच पंच, पाचही पुरुष. पिकाची आणेवारी पन्नास पैशांखाली आली तरच दुष्काळ धरतात; त्याच नियमाने बाईंच्या सहनशक्तीची आणेवारी काढली. रजिस्टरात खाडाखोड नाही, एकही दिवस उशीर नाही, पडतानासुद्धा ओरडल्या नाहीत. सहनशक्ती बासष्ट पैसे. सबब टंचाई जाहीर करता येत नाही. रजा नामंजूर.

दुसऱ्या दिवशी बाई बिनरजेच्याच नांदेडच्या एसटीत बसल्या. ऑपरेशन साडेचार तास चाललं. आत सगळं एकमेकांना डकलेलं, साकळलेल्या रक्ताच्या गाठी. एक अंडाशय काढावं लागलं. बाई शुद्धीवर आल्यावर डॉक्टर रईसांनी विचारलं, "इतकी वर्षं काय करत होतात?"

"नौकरी," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा रडल्या.

दीड महिन्याने त्या रुजू झाल्या. बिनपरवानगी गैरहजेरीचा मेमो तयार होता. सोबत मंडळाचा अभिप्राय: आता वेदनाच उरली नसल्याने रजेस कारण दिसत नाही.

दिवसभर माणसं टेबलाशी येत राहिली. शिपाई नरसिंग आला, बसवंतराव आले, शेजारच्या शाखेतल्या धुरपताबाईसुद्धा आल्या. सगळ्यांचा आवाज हळू, प्रश्न एकच: "मग आता लेकरू होईल का?"

"आता दुखत न्हाई," बाई सांगत राहिल्या. ते कोणीच ऐकून घेतलं नाही.

अंडाशय काढल्याचं वाचलं तेव्हा तुम्हालाही तेच विचारावंसं वाटलं असणार. विचारा, संकोच करू नका. बाईंना आता सवय झाली आहे.