न उकळायचा दोरा

गफूरभाईंनी एकदा पाटलांची कवळी उकळली. पाटील दवाखान्यात घसा दाखवायला आले होते. कवळी टेबलावर काढून ठेवली आणि आमच्या कंपाउंडरसाहेबांनी ती सवयीनं पातेल्यात टाकली. बाहेर आली ती वाकडी होऊन. पुढं कितीतरी दिवस पाटील एका बाजूनंच हसत. गफूरभाईंना त्याचं काही नाही. "जंतू तं मेले ना, पाटील?" एवढंच म्हणाले.

महाराष्ट्र राज्य नवीनच झालं होतं आणि मी बीबी गावच्या शाळेत नवीनच मास्तर लागलो होतो. खोली मिळाली ती गफूरभाईंच्या शेजारी. गफूरभाई म्हणजे एकटा जीव. स्टोव्हवर सदान्‌कदा काहीतरी खदखदत असायचं: सुया, चिमटे, कपबशा, एकदा तर माझा कंगवा. कोणी काहीही पुढं केलं की एकच प्रश्न, "उकयलं का?" मी दिलेला पेढासुद्धा त्यांनी दूध आधी आटवलेलं असतं हे कबूल करवून घेतल्यावरच तोंडात टाकला.

एका दोऱ्याला मात्र त्यांनी यातून सूट दिली होती. मेंढीच्या आतड्यापासून केलेला, जखमेच्या आत घालायचा हा दोरा काचेच्या नळीत, औषधात बुडवून येई. जखम सांधली की तो अंगातच विरघळून जायचा. त्या नळ्या ते स्टोव्हपासून लांब, वेगळ्या कपाटात ठेवत. उन्हाची तिरीप आली तर कपाटाला पडदा लावत. मी एकदा थट्टा केली, की यालाही एक उकळी द्या. माणूस दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कारण शेवटी डॉक्टरांकडून कळलं. चोळ्या शिवून पोट भरणाऱ्या काशीबाईंचं उजव्या हाताचं बोट विळीवर खोल कापलं होतं. आतला मज्जातंतूच तुटलेला. डॉक्टरांनी त्याची दोन टोकं याच बारीक दोऱ्यानं जोडली. पण त्याआधी गफूरभाईंनी, बाईंना काही होऊ नये म्हणून, नळीतला दोरा काढून वर आणखी उकळला होता. तेव्हा तो नुसता मऊ वाटला. पण उकळीनं त्याचा जोर गेला होता, चार दिवसांत सुटला. बोट राहिलं, पण त्यातली जाणीव गेली. डॉक्टर म्हणाले, "तसाही जुळला असता की नाही, देव जाणे. पण ते याला पटत नाही."

बाजाराच्या दिवशी गफूरभाई न चुकता कुठं जातात, ते मला तेव्हा कळलं. एकदा मीही चोळीच्या मापाचं निमित्त काढून सोबत गेलो. बायको माहेरी होती, निमित्त तसं लंगडंच होतं.

काशीबाईंनी सुयांची डबी पुढं केली. सुन्न बोटानं त्यांना सुई ओवता येत नसे, म्हणून आठवडाभराच्या सुया गफूरभाई ओवून ठेवत. त्याआधी परीक्षा. बाईंनी डोळे मिटायचे, यांनी कोंबडीचं पीस बोटाच्या टोकाला लावायचं आणि विचारायचं, कळलं का. दर वेळी उत्तर एकच, नाही. मग यांचा चेहरा असा पडायचा, की त्याच यांची समजूत घालत. "तुमी काऊन इतकं जिवाले लावून घेता, भाऊ?"

त्या दिवशीही बाईंनी डोळे मिटले. गफूरभाईंनी पीस उचललं, पण नाकावरून घसरलेला चष्मा सावरायला ते थांबले. पीस हवेतच राहिलं, बोटापासून चांगलं वीतभर लांब.

"हाव भाऊ," काशीबाई म्हणाल्या, "कळलं."

गफूरभाई हातातल्या पिसाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"लई बरं झालं, बाई," ते हळूच म्हणाले. पीस खिशात ठेवलं, चष्मा पुसला, आणि डबी जवळ ओढून पुढच्या आठवड्याच्या सुया ओवायला बसले.