गोमाशेठची तांबडी आणि हिरवी

पनवेलात भर रस्त्यात चपलांचा बेवारशी जोड दिसला, तरी त्याचं कुणाला नवल वाटत नसे. "गोमाशेठ इथून गाडी घेऊन गेले वाटतं," असं म्हणून लोक तो उचलत आणि जवळच्या दुकानाच्या पायरीवर ठेवत. गोमाशेठ गाडीत बसण्याआधी चपला रस्त्यावर काढत, आपण देवळाबाहेर काढतो तशा. आणि एकदा गाडी सुरू झाली की त्यांना जगाचा विसर पडे, तिथे चपलांची काय कथा! अनवाणी का चालवता, असं मी त्यांना एकदा विचारलं. "मास्तर," ते म्हणाले, "चप्पल मदी आली का ब्रेकाचा मन कलत नाय."

गोमाशेठ मूळचे गव्हाणचे आगरी. मिठागरं होती, भातशेती होती, आणि पनवेलात आमच्या घरासमोर त्यांचं दुमजली घर होतं. उंच, काळाभोर माणूस. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर आणि आवाज असा, की ते ओटीवरून चहा मागायचे आणि आमच्या चुलीवर आधण चढायचं. बायको वारली होती. मुलगा मुंबईला नोकरी करायचा आणि सणावारीसुद्धा क्वचितच यायचा. एवढ्या मोठ्या घरात ते, एक आचारी आणि गाड्यांचा नाद, इतकेच राहत.

मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. ऐन तिशीत विहिरीच्या काठावरून पडलो, मुंबईच्या इस्पितळात पडून राहिलो आणि परत आलो तो उजवा गुडघा न वाकणारा घेऊनच. पाय काठीसारखा सरळ. एस.टी.च्या पायऱ्या चढणं म्हणजे दिव्य, आणि चढलो तरी दोन बाकांच्या मध्ये तो पाय ठेवायचा कुठे? त्यामुळे वर्गात मी पोरांना आल्प्स ओलांडून पलीकडे नेत असे आणि स्वतः वडाळे तळ्याच्या पलीकडे जात नसे.

सगळं गाव माझ्या पायाची चौकशी करायचं. कोणी तेल सांगे, कोणी लेप, कोणी चिरनेरचा वैद्य. गोमाशेठनी मात्र एका शब्दानं कधी विचारलं नाही. मला वाटायचं, ज्याला चाकं नाहीत ते ह्या माणसाला दिसतच नसावं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मुंबईतले उरलेसुरले गोरे साहेब बाडबिस्तरा आवरत होते आणि त्यांच्या मोटारी दलालांकडे येऊन पडत होत्या. अशाच एका ओळखीच्या दलालानं गोमाशेठकडे दोन गाड्या पाठवल्या, त्यातली एक पसंत करा म्हणून. दोन्ही दोनच माणसांच्या, टप उघडणाऱ्या, जमिनीला पोट लावून धावणाऱ्या. त्यांत मिठाची गोण मावेना की पाहुणेरावळे मावेनात. रविवारी वारा खात हिंडावं, एवढाच त्यांचा उपयोग. एक लालभडक, दुसरी गर्द हिरवी.

"बैल घेताना काय करतो आपन?" गोमाशेठनी मला ओट्यावर बोलावून विचारलं. "दोनी दावनीला बांदाचे, नांगराला जुपून बगाचे, मंग एक ठेवाचा न् दुसरा परत कराचा. गारीचा पन तसाच." ते गाडीला 'गारी' म्हणत आणि तांबडीला 'तांबरी'. "दसऱ्याला एकीची पूजा. तवर दोनी माज्याकरं. तुमी रविवारी मोकलेच ना?"

मी मोकळाच होतो. रविवारी मी इतका मोकळा असायचो, की आमची ही वैतागायची.

पहिल्या रविवारी तांबडी निघाली. तिचा दरवाजा म्हणजे नुसता खिडकीएवढा. मी आधी बूड टेकवलं आणि पाय आत ओढू लागलो, तर तो येईचना. तिरका केला, वर केला, दोन्ही हातांनी धरून वळवला. शेवटी आतल्या आत कसाबसा आडवा बसलो आणि टाच दरवाज्यावरून बाहेर राहिली. गोमाशेठनी एकदा त्या टाचेकडे पाहिलं. "राहू दे बाहेर," ते म्हणाले, "हवा लागंल." आणि अशा थाटात आम्ही बाजारातून गेलो. दोघातिघांनी माझ्या टाचेला नमस्कार केला असं मला वाटतं, पण ते गोमाशेठना असावेत.

पण काय ती गाडी! गावाबाहेर पडून नेऱ्याचा रस्ता लागला आणि तिनं जी उडी घेतली, ती थेट डोंगराच्या पायथ्याशी. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. गोमाशेठ लहान पोरासारखे ओरडत होते. "आता बोला! आता बोला, मास्तर!" बोलायला मला तोंड उघडता येत नव्हतं. परत आलो तेव्हा कमरेत अशी चमक भरली होती, की तीन दिवस फळ्यावर नकाशा काढायला वर्गातलं पोर लागलं. पण तक्रार केली नाही. कित्येक वर्षांनी मी डोंगर जवळून पाहिला होता.

पुढच्या रविवारी हिरवी. हिचा दरवाजा लांब, बैठक जरा मागे, पुढे पाय पसरायला ऐसपैस. मी बसलो, पाय आत घेतला आणि दरवाजा लावला. इतकं सरळ, की मीच चकित झालो. हिरवी चालायचीही सरळच. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही, चढावर जराशी धापही टाकायची. गोमाशेठ तोंड वाकडं करून चालवत. "गुनाची हाय," ते म्हणत, "पन गुनाला काय चाटाचा?"

मग सगळा भाद्रपद असाच गेला. एक रविवार तांबडीचा, एक हिरवीचा. पाऊस आला की टप चढवायचा नाही, हा गोमाशेठचा नियम. "मंग घरीच बसलो नसतो?" त्याऐवजी ते डोक्यावर इरलं घेत, शेतात लावणीच्या बायका घेतात ते, आणि दुसरं माझ्या डोक्यावर ठेवत. साहेबाची मोटार, तिच्यात दोन इरली, असं आमचं ध्यान उरणच्या रस्त्यानं जाताना बघून शेतातली माणसं काम टाकून उभी राहत.

कोणती ठेवावी, हे ते भेटेल त्याला विचारत. मामलेदारांनी सांगितलं, लाल रंग उन्हानं उडतो. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, दोन्ही परत करा आणि एक जीप घ्या. मासळीबाजारात एका कोळणीला त्यांनी दोन्ही गाड्यांभोवती फिरवून आणली. तिनं सगळं पाहिलं आणि विचारलं, "शेठ, ह्यान टोपली ठेवाची कुठं?" "बाई शानी हाय," ते मला म्हणाले. "कोनाला काय ठेवाचा हाय त्याच्यावर हाय सगला."

मला मात्र त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? त्यांच्या मनात तांबडी भरली होती, हे आंधळ्यालाही दिसत होतं. तिला पुसताना त्यांचा हात हळू व्हायचा. आणि मला दिसत होतं, की तांबडी राहिली की माझे रविवार संपले. एकदोनदा टाच बाहेर काढून जाता येतं, जन्मभर नाही. पण हे म्हणायचं कोणत्या तोंडानं? गाडी त्यांची, हौस त्यांची, पैसा त्यांचा. फुकटच्या पाहुण्यानं यजमानाला, तुमचा पाट बदला मला टोचतो, असं म्हणायचं का? मी गप्प बसलो आणि दसरा जवळ येत गेला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गोमाशेठ म्हणाले, "मास्तर, डोका चालत नाय. आयेला विचारतो." आये म्हणजे गव्हाणची गावदेवी. लग्न जुळवायचं, विहीर खणायची, भावकीचा तंटा मिटवायचा, की तिच्याकडे कौल लावायचा हा तिथला रिवाज. मोटारीसाठी कौल लावल्याचं मात्र कोणी ऐकलं नव्हतं. दोन्ही गाड्या देवळासमोर उभ्या राहिल्या. हिरवीत आम्ही दोघं, तांबडी मागून त्यांच्या मिठागरावरचा मुकादम घेऊन आला. सगळा गाव जमला. गुरवानं देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं.

"आये माते, तुजा लेक गोमा आलाय. तांबरी ठेवाची असंल तं उजवा दे, हिरवी ठेवाची असंल तं डावा दे. लेकराला घोलान टाकू नको."

मी खांबाला टेकून उभा होतो आणि डाव्या पाकळीकडे बघत होतो. भूगोलाचा मास्तर, शास्त्रीय दृष्टीवर वर्गात व्याख्यानं देणारा, मनातल्या मनात म्हणत होतो, आई, डावा दे. डावा दे ग.

उजवी पाकळी घसरली आणि टपकन खाली पडली.

लोकांनी एकच गलका केला. "तांबरी! तांबरी!" नारळ फुटले. मुकादमानं आनंदानं भोंगा वाजवला. मीही टाळ्या वाजवल्या. गोमाशेठ मात्र देवीकडे बघत उभे होते. मग गुरवाला हळूच म्हणाले, "परत लाव जरा."

गुरव दचकला. "शेठ, आये एकदाच बोलते. परत इचारला तं राग येल तिला."

"बरा," म्हणाले आणि पालथे पडून त्यांनी नमस्कार केला. येताना वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, आनंदानं त्यांची वाचा बसली असावी.

दसऱ्याच्या सकाळी मी ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. समोरच्या घरी झेंडूची तोरणं चढत होती. "अहो, जा ना पूजेला," आमची ही म्हणाली. जातो म्हटलं आणि तेच पान पुन्हा वाचायला घेतलं. गोमाशेठ पहाटेच कुठे तरी निघून गेले होते. उन्हं वर आली तेव्हा भोंगा वाजला तो आमच्या दारात.

हिरवी. नाकावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार. आणि आत गोमाशेठ, नवी टोपी घालून.

"तांबडी?" मी विचारलं.

"मुकादमाबरूबर दलालाकरं पाठवली. बसा."

"अहो, आणि कौल?"

"आयेला साडीचोली नेसवली न् सांगितला, तुजा कौल खरा. गारी तांबरीच भारी. पन आये, चूक माजी हाय. मी तुला गारीचा विचारला, मानसाचा नाय विचारला." मग माझ्यावर खेकसले, "बसा लवकर. सोन्याची पाना सुकतान माजी!"

मी बसलो. पाय आत घेतला, तो पसरला आणि पुढेही जागा उरली. खाली वाकून पाहिलं तर माझी बैठक वीतभर मागे सरकवलेली, आणि टाचेखाली छोटीशी लाकडी फळी, वर काथ्या ठोकलेली. पनवेलात गाड्यांची चाकं करणारे सुतार आहेत, त्यांच्याकडून करवून घेतली असावी. सुताराला मापं द्यायची तर माझा पाय कधी तरी नीट न्याहाळला असला पाहिजे. ज्या माणसानं कधी विचारलं नाही, त्यानं!

गावाबाहेर पडल्यावर मी उजवीकडच्या शेतांकडे बघत राहिलो, म्हणजे त्यांच्याकडेच. शेवटी म्हटलं, "शेठ, माझ्यासाठी तुम्ही…"

"तुमच्यासाटी काय?" ते तुटून पडले. "येरा हाय का मी?" थोडा वेळ गाडी हाकली. मग जरा खालच्या आवाजात सांगू लागले. असा खालचा आवाज त्यांच्याकडे असतो, हे मला तेव्हा कळलं. "परवा तांबरी घेऊन खंडाल्याला गेल्तो. एकटा. म्हटला, आयेनं दिलीय तं मन भरून चालवून घ्यावी. मास्तर, घाट काय चरली ती! वारा पन मागं राहिला. वर पोचलो न् म्हटला, 'आता बोला!' न् बाजूला बगला. बाजूला कोन नाय. मंग घाटावर चहा पन नाय घेतला. तशीच खाली आनली."

त्यानंतर कित्येक वर्षं, गोमाशेठचे हात चालत होते तोवर, प्रत्येक रविवारी ती हिरवी माझ्या दाराशी उभी राहिली. तिनं मला खोपोलीचे धबधबे दाखवले, उरणचा समुद्र दाखवला, घाटही दाखवला. नकाशावर बोट ठेवून मी जे शिकवत होतो, ते मला ह्या माणसामुळे बघायला मिळालं. गोमाशेठचे उपकार मोजायला मी कधी बसलो नाही. मोजले असते तर त्यांनी मला गाडीतून उतरवलं असतं.

त्या दिवशी मात्र ते एवढं बोलून गप्प झाले, आणि त्यांचं गप्प बसणं मला सोसेना. कर्नाळ्याचा चढ लागला होता. हिरवी धापा टाकत, पण नेटानं चढत होती.

"शेठ," मी म्हटलं, "ही पण काही वाईट चढत नाही हं."

"वाईट?" ते गरजले. "वाईट म्हनता, मास्तर? अवो, हिचा आवाज तं आयका!" आणि खिंड ओलांडून पार पलीकडे उतरेपर्यंत ते हिरवीचं कौतुक सांगत होते, आणि मी ऐकत होतो.