तुम्हाला झोप लागली असेल, तर मलाही लागली

कोणत्याही भाषेत मजकुरापेक्षा शिष्टाचार महत्त्वाचा असतो. मजकूर काय, कोणीही बोलतो. झिम्बाब्वेतल्या हरारेच्या प्रमाणभाषा समितीचे अध्यक्ष श्री. तापफुमा मुकारातिर्वा (जुने तंत्रनिकेतनवाले, शर्टाच्या खिशात आजही फूटपट्टी) यांची या तत्त्वावर अढळ श्रद्धा होती. माणसाच्या वतीने परस्पर बोलून कामे उरकणाऱ्या सॉफ्टवेअरांना, म्हणजे 'प्रतिनिधीं'ना, एक सामायिक भाषा देणे हे समितीचे कार्य. या भाषेच्या परदेशी मसुद्यात 'कळव', 'माग', 'मान्य', 'नकार' एवढी क्रियापदे होती. विचारपूस नव्हती.

"दारात उभं राहायचं आणि थेट 'दूध घ्या' म्हणायचं?" अध्यक्ष कडाडले. "आईबापांनी काही शिकवलंय की नाही यांना?"

त्यानुसार कलम एक दाखल झाले: प्रतिनिधीने आधी 'झोप लागली का?' असे विचारावे. समोरच्याने तिथल्या शोना लोकांच्या रीतीप्रमाणे 'तुम्हाला लागली असेल, तर मलाही लागली' असे उत्तर द्यावे. (नव्वद टक्के सभासद अनुकूल, उरलेल्या दहा टक्क्यांना खरोखरच लागली होती.)

पहिला प्रयोग चिवू गावी, अध्यक्षांची थोरली बहीण शुवाई चालवीत असलेल्या दूध केंद्रात झाला. भरलेला टँकर फाटकाशी आला. टँकरच्या आणि शीतगृहाच्या प्रतिनिधींनी एकमेकांना विचारले, एकमेकांना तेच उत्तर दिले, आणि समोरच्याची झोप आधी सिद्ध होण्याची दोघेही अदबीने वाट पाहू लागले. ऊन चढले. फाटक उघडेना.

दुपारी बहिणीचा फोन आला. "अरे, सगळ्या गावाचं दूध नासलं! तुझी यंत्रं अजून झोपेवरच अडलीयत!"

"पण ताई, बोलण्यात एका शब्दाची चूक नाही."

"मग चहात तेच शब्द घाल. उद्या पुन्हा असं झालं, तर केंद्राला टाळं लागेल, सांगून ठेवते."

अध्यक्षांनी तातडीने दुरुस्ती केली: उत्तर सरसकट 'छान लागली' असेच द्यावे, आणि विचारणाऱ्याने ते ऐकण्यासाठी थांबू नये.

दुसऱ्या दिवशी शीतगृहाचे थंड करणारे यंत्र पहाटेपासून बंद होते. टँकरने विचारले. शीतगृहाने 'छान' म्हटले. तोवर टँकर दूध ओतून निघूनही गेला होता.

"काल बोलत बसले म्हणून नासलं, आज बोलून मोकळे झाले म्हणून नासलं," बहीण म्हणाली. "टाळं लावलंय बाबा. किल्ली पाठवते, तुझ्या समितीत टांगून ठेव."

समितीने किल्ली टांगली आणि प्रयोग यशस्वी ठरवला. मानवी संभाषणाशी साम्य: शंभर टक्के. हा आकडा ज्यांना फुगवलेला वाटतो, त्यांनी आज सकाळी आपण 'काय, बरं आहे ना?' असे कोणाला विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, ते आठवून पाहावे.

आठवत नसल्यास आपण प्रमाणित आहात.