भरतीची तालीम राहिली

चिखल्याच्या नानांना मुंबईला जायचं असलं, की ते आदल्या दिवशी एकदा जाऊन बघायचे. मुंबईला नव्हे, डहाणू रोड स्टेशनपर्यंत. ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या असा सगळा जामानिमा छकड्यात घालून ते निघत. गाडी आली की डब्याच्या दाराशी जाऊन उभे राहत, आणि गाडी सुटली की समाधानाने घरी परतत. एका नव्या स्टेशनमास्तरांनी त्यांना हाताला धरून आत चढवायचा प्रयत्न केला, तेव्हा नाना म्हणाले, "आज नाय, मी उद्या जाणार."

"आधी करून बघू, मग करू, बरोबर ने?" हे त्यांचं ब्रीद. दाढ काढायची होती तेव्हा हा गृहस्थ आदल्या दिवशी दाताच्या डॉक्टरसमोर दहा मिनिटं नुसता आ करून बसून आला होता. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी चिखल्याच्या शाळेत मास्तर होतो आणि नानांच्या चिकूच्या वाडीत एका खोलीत राहत होतो. त्यामुळे त्यांच्या तालमींना हुकमी माणूस मीच.

कुसुमचं, म्हणजे नानांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं ते दादरच्या घरात. मुलाकडच्यांनी तिकडे हॉल बघून ठेवला होता. नानांनी हट्ट धरला, लग्न वाडीतच होणार. चिकूची सावली, समुद्राचा वारा, असं वर्णन त्यांनी माझ्याकडून चार पत्रांत लिहून घेतलं. शेवटी मुलाची आई, विहीणबाई, कबूल झाल्या; मात्र मुहूर्त चुकता कामा नये, एवढंच त्यांनी कळवलं. त्या बाई फार करड्या आहेत असं आमच्या कानावर होतं. मग नानांनी दुसरी टूम काढली. वऱ्हाड स्टेशनवरून वाटेतल्या नरपड गावापर्यंत रस्त्याने येईल आणि तिथून बैलगाड्यांनी वाळूवरून, समुद्राच्या कडेने. गावाने याला नखरा म्हटलं. मीही म्हटलं, मनात.

लग्न रविवारी. तालीम आदल्या रविवारी, त्याच वेळी, तेवढ्याच गाड्या घेऊन. नवरदेव मी. मुंडावळ्या बांधून मी पहिल्या छकड्यात बसलो आणि ओल्या, घट्ट वाळूवरून आम्ही असे झोकात गेलो की बैलांनाही मजा वाटली असावी. नानांच्या बायजाआत्यांना विहीण केलं होतं. त्यांनी भूमिकेत शिरून कॉफी पातळ म्हणून दोनदा रुसून दाखवलं. सगळं मिनिटाबरहुकूम झालं. नाना त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पुढच्या रविवारी खरं वऱ्हाड उतरलं. मुहूर्त पाऊण वाजताचा. आम्ही दहाच्या सुमाराला नरपडला पोहोचलो, रस्ता सोडून वाळूकडे वळलो, आणि पुढे वाळूच नव्हती. पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं.

गाडीवान चाचरत म्हणाला, "नाना, आज तेरस हाय."

या किनाऱ्यावर पोराटोरांनाही ठाऊक असतं, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तेराची पाऊणपट पावणेदहा. मला हे गणित शिकवलं होतं नानांनीच. आठ दिवसांत ओहोटीच्या वेळी भरती येते हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. वार जुळवला, गाडीची वेळ जुळवली, आणि समुद्राला तेवढं विचारायचं राहिलं. लेकीच्या लग्नात बापाचं डोकं ठिकाणावर नसतं हेच खरं.

मी म्हटलं, रस्त्याने जाऊ, तासाभराने उशीर झाला तरी मुहूर्त गाठू. नाना जागचे हलेनात. मी चिडलो. म्हटलं, हौस राहू द्या आता, मुहूर्त टळला तर त्या बाई काय करतील?

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "रस्ता वाडीच्या पुढच्या अंगाला. ती मागच्या खोलीत आहे ने, मास्तर. तिला खिडकीतनं नुसता दर्याच दिसतो."

नानांच्या बायकोला, नानींना, अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. दादरला नेणं शक्य नव्हतं, आणि माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, असं त्यांच्या मनात येऊ नये म्हणून ही चिकूची सावली आणि समुद्राचा वारा. चार पत्रं मी लिहिली आणि मला पत्ता नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

मागच्या गाडीतून विहीणबाईंचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गाड्या रस्त्याने घ्या, एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही निघालो. वाटभर मी दर फर्लांगाला घड्याळ बघत होतो.

वाडीच्या अलीकडे समुद्राकडे जाणारी एक पाणंद आहे. सव्वाबारा झाले होते, पाणी जेमतेम हातभर पट्टी मोकळी करून मागे सरलं होतं. विहीणबाईंनी तिथे गाड्या थांबवल्या, उतरल्या, नऊवारीचा काठ वर खोचला आणि वाजंत्रीवाल्यांना पुढे व्हायला सांगितलं. सनई वाजायला लागली. अख्खं दादर घोट्याएवढ्या पाण्यातून चपला हातात घेऊन चालू लागलं. लाटेच्या शिंतोड्यांनी नवरदेवाचा रेशमी सदराही भिजला, पण तो हसत होता.

खिडकीशी नानी उशीला टेकून बसलेल्या. विहीण आली की वधूच्या आईने तिचे पाय धुवायचे असतात. तेवढं हातून होणार नाही याचीच त्या आठवडाभर खंत करत होत्या. विहीणबाई गजांपाशी आल्या आणि म्हणाल्या, "पाय धुऊनच आलेय मी. आता तुम्ही फक्त अक्षता टाका."

मुहूर्त साधला. मांडव त्या खिडकीसमोरच होता. नानींनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या डोक्यावर पडल्या. सगळे नवरानवरीकडे बघत होते, नाना तेवढे खिडकीकडे.

गर्दी पांगल्यावर ते गजांना धरून उभे राहिले. हळूच विचारलं, "दिसलं ने?"

"सगळं दिसलं," नानी म्हणाल्या. "धोतर भिजलंय तुमचं. आधी बदला बघू."