अठरा फूट तीन इंच

१९५४ च्या ऑक्टोबरात आसेगावचे कापसाचे व्यापारी कैलासवासी लखीरामशेठ यांचे घर संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले. व्यवस्थापक रंगराव यांनी घरातली प्रत्येक वस्तू मोजून यादीत लिहिली. वस्तू क्रमांक एकशे सतरा : विहीर, पाण्यासह. पाणी अठरा फूट तीन इंच. यादीतली वस्तू घटता कामा नये, असा नियम होता.

घरामागे धुरपताबाईंची वांग्याची वाडी होती. ती तीस वर्षे याच विहिरीवर भिजत आली होती. विहिरीला जाळी आणि कुलूप लागले.

"रंगरावभाऊ, माही वांगी मरतीन ना! पाणी काहून बंद केलं?"

"पाणी नाही ते, बाई. वस्तू हाये."

"मंग माह्या वांग्यायले बी यादीत घाला."

"ते घराच्या बाहेर हायेत."

धुरपताबाई बैलगाडीवर पिंप ठेवून नदीचे पाणी आणू लागल्या.

जानेवारीत विहिरीचे पाणी दोन फूट उतरले. घट कळवण्याच्या तक्त्यात तीनच रकाने होते : चोरी, मोडतोड, वाळवी. रंगरावांनी वाळवीचा विचार करून पाहिला आणि 'चोरी' लिहिले. पंचनाम्यात शेजारची वांगी हिरवीगार आढळली. पुरावा शुद्ध राहावा म्हणून चौकशी संपेपर्यंत वाडीला कोठलेही पाणी देऊ नये, असा वरच्या कचेरीचा हुकूम आला.

वांगी वाळली. विहीर तरीही उतरतच राहिली. प्रयोग निर्णायक ठरला. धुरपताबाई सन्मानाने निर्दोष सुटल्या.

मात्र घट भरून काढणे आवश्यक होते. गाडी आणि पिंप पंचनाम्यात नोंदलेलेच होते, आणि बाईंना आता वाडीचे कामही उरले नव्हते. वरच्या कचेरीने त्यांना रोजाने नेमले.

"माही वाडी वाळवली, अन् तुमच्या विहिरीले मीच पाणी पाजून राह्यली!" पिंप उपडे करत त्या म्हणाल्या.

"हळू वता, बाई. मी इंच मोजून राह्यलो."

मे महिन्यात प्रेक्षकांची गर्दी झाली. अभिप्रायाच्या वहीत एक मजकूर आहे : 'ऐन वैशाखात अठरा फूट पाणी! पूर्वजांची दृष्टी धन्य. आजच्या लोकांना पाण्याची किंमतच नाही.' त्याखाली सूचना आहे : 'दाराशी एका बाईची पाण्याची गाडी आडवी होती. शोभा जाते. तिला हटवावे.'

सूचनेवर कार्यवाही झाली आहे. सूचनेखालची सही, वाचकहो, तुमची आहे.