स्विचभोवतीचं कडं

"हात लावू नका!" पारखी एवढ्या जोरात ओरडले की मिस्त्रींच्या हातातलं फडकं गळून पडलं.

मिस्त्री नुसती बॉनेटवरची धूळ पुसायला निघाले होते. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारा माणूस घरी आलाय, तर निदान गाडीचं तोंड तरी पुसावं, एवढाच हेतू. पण पारखींच्या मते धूळ, गंज आणि उडालेला रंग हेच त्या गाडीचं खरं वैभव होतं. "घासायचं नाही, रंगवायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही. जशी आहे तशी राहिली, तरच ती अस्सल."

गाडी मिस्त्रींच्या वडिलांची. ते गेल्यापासून मागच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. मिस्त्रीणबाईंना ती शेड शिवणाच्या क्लाससाठी हवी होती आणि शनिवारी गाडी भंगारात जाणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. मिस्त्रींचा जीव गाडीत अडकलेला. जायचीच असेल तर निदान कदर असणाऱ्या माणसाकडे जावी, म्हणून त्यांनी पारखींना बोलावून घेतलं. इथेच त्यांचं चुकलं.

"आहे अशी दोन लाख," पारखी म्हणाले.

मिस्त्रीणबाई मटकन पायरीवर बसल्या. भंगारवाल्याने वीस हजार सांगितले होते.

"निम्मं सामान गायब आहे हो. मूळचं घड्याळ असतं, तर तीन म्हणालो असतो."

"ते माझ्या स्वयंपाकघरात आहे!" बाई उठल्याच.

मिस्त्रींचं सगळं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं. घरात काही मोडलं की ते दुकानात जात नसत, शेडमध्ये जात. गाडीचा आरसा त्यांच्या दाढीला होता, हॉर्न दारावरच्या बेलच्या जागी होता. पुढची सीट बाहेरच्या खोलीत कोच म्हणून मिरवत होती. पारखींनी मघाशी तिच्यावरच बसून चहा घेतला होता आणि "बसायला मस्त आहे हं," असं म्हणालेही होते. ती गाडीचीच आहे हे कळल्यावर त्यांना ठसका लागला.

बाई एकेक वस्तू आणत गेल्या आणि आकडा चढत गेला. चार झाले, साडेपाच झाले, सात झाले. स्टीअरिंग गच्चीवरच्या टाकीच्या व्हॉल्व्हला बसवलेलं होतं. ते बाईंनी अशा काही हिसक्याने उपटलं, की पाणी धो धो जिन्यावरून खाली यायला लागलं.

"अगं, पाणी!" मिस्त्री ओरडले.

"वाहू दे! साहेब, आता किती झाले?"

"नऊ."

बाई आ वासून उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी कसाबसा पान्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि ओल्या चपलांनी परत आले, तर पारखी डॅशबोर्डवर भिंग धरून बसले होते.

"एकच गोष्ट राहिली. स्विचभोवती एक पितळी कडं असतं. या मॉडेलचं ते कुठेच मिळत नाही. ते असेल तर चौदा."

ते कडं कुठे आहे हे जगात मिस्त्रींना एकट्यालाच ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खिशात फुटकी कवडी नव्हती. शेडमध्ये गाडी होती. तेव्हापासून ते कडं सोन्याची अंगठी म्हणून बायकोच्या बोटात नांदत होतं.

"हरवलं असेल," मिस्त्री म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"असं कसं हरवेल? चौदा लाख म्हणतायत ते! कसं दिसतं हो ते कडं?"

पारखींनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं आणि डॅशबोर्डचा फोटो उघडून समोर धरला. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

"हे का?" बाईंनी नेमकं फोटोवर बोट ठेवलं. तेच बोट.

पारखींनी भिंग फोटोवरून अलगद बोटाकडे सरकवलं. "बाई, जरा काढता? आतून कंपनीच्या नंबराचे चार आकडे असतील."

"आहेत की. सोनाराचा शिक्का आहे तो," बाई म्हणाल्या आणि मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्रींचा चेहरा बघितल्यावर आकडे तपासायची गरजच उरली नाही.

"पितळ?"

"अगं, तेव्हा माझ्याकडे..."

"पस्तीस वर्षं! दर वाढदिवसाला स्वतःच्या हातांनी घासून द्यायचात! मी सगळ्या गावाला सांगत फिरले, आमच्या ह्यांचं किती प्रेम! आणि ते पितळ काळं पडत होतं म्हणून? बोट हिरवं पडायचं तर मी साबण बदलले हो!"

मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. पारखी पुस्तक आवरायला लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कड्याशिवाय नऊ, कड्यासकट चौदा. म्हणजे नुसती अंगठी पाच लाखांची?"

"गाडी असेल तर. गाडी गेली की नुसतं पितळ."

बाईंनी बोट उजेडात धरून पाहिलं. त्यांच्या धाकट्या जावेने गेल्या वर्षी हिऱ्याची अंगठी केली होती, सव्वा लाखाची, आणि तेव्हापासून ती चहाचा कपसुद्धा त्याच हाताने उचलायची.

"गाडी विकायची नाही," त्या म्हणाल्या.

"आणि शिवणाचा क्लास?" मिस्त्रींनी भीत भीत विचारलं.

"बाहेरच्या खोलीत घेईन. कोच परत गाडीत गेलाय, जागा झालीये." त्यांनी फोन उचलून जावेचा नंबर लावला. तिकडे रिंग वाजत असताना मिस्त्रींनी सवयीने पॉलिशची डबी काढली आणि समजूत घालायला बायकोचा हात हातात घेतला.

"हात लावू नका!" बाई ओरडल्या. "घासायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही! पडू दे बोट हिरवं."